मूठ ज्याची त्याची

शूटिंग सुरू केलं की सगळे विचारतात, "पिस्तूल कुठलं?" माझ्या मते आधी मूठ, म्हणजे ग्रिप, बघायला हवी.

दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये दहाचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिमीचं. रेंजवर माझ्या वाट्याला लार्ज ग्रिप आली आणि माझा हात छोटा. ट्रिगरवर बोटाचं नुसतं टोक पोचायचं, त्यामुळे शॉट डावीकडे ढकलला जायचा. "तुझं लक्ष नाही," असं सर सहा महिने म्हणत होते आणि मलाही ते पटायला लागलं. सोडूनच देणार होते. शेवटी मीडियम ग्रिप घेतली, टोचायची तिथे पॉलिशपेपरने घासली, पोकळ वाटली तिथे वुड पुटी भरली. शॉट मध्यावर आले!

टेस्ट सोपी आहे. डोळे मिटून हात उचला, मग उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप बसली, तर मूठ तुमची. नियमाप्रमाणे मनगट मात्र मोकळं हवं.

राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये गोल्ड जिंकलं. तिच्यासारखी ग्रिप विकत मिळेलही, तिचा हात थोडाच मिळणार? चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो. मग स्वतःला नालायक ठरवण्याआधी मूठ तरी तपासा!