आधी अंग धुवा, मग हौदात उतरा



जपानात गरम पाण्याच्या झऱ्याला ‘ओनसेन’ म्हणतात आणि झऱ्याकाठच्या जुन्या वळणाच्या मुक्कामाच्या घराला ‘रियोकान’. हल्ली आपल्याकडची मंडळी सहलीला, अभ्यासदौऱ्याला, पोरंबाळं नोकरीनिमित्त तिकडे जाऊ लागली आहेत. परत आल्यावर गप्पा निघतात त्या बुलेट ट्रेनच्या आणि टोकियोच्या इमारतींच्या. माझ्या मते ऊस उत्पादकाने तिथे बघण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. ती म्हणजे रियोकानातला एक मुक्काम. कारखान्याच्या पत्रिकेत न्हाणीघराचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. विषय न्हाणीचा दिसला तरी तो पाण्याचा आहे, आणि पाणी तर आपल्या रोजच्या भांडणाचे कारण आहे.

आधी मुक्कामाची रीत सांगतो. दारातच जोडे काढायचे. खोलीत ‘तातामी’ अंथरलेली असते, म्हणजे पारंपरिक पद्धतीत आत भाताचा पेंढा आणि वर लव्हाळ्याची चटई. तिच्यावर सपातासुद्धा चालत नाहीत. खोलीत पलंग नाही, एक बुटके मेज आणि बसायला गादी. तिथेच चहा घ्यायचा, आणि रात्री तिथेच जमिनीवर अंथरूण घातले जाते. अंगात घालायला ‘युकाता’ नावाचा सुती झगा देतात. त्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलटे नेसवतात ते मयताला. भाडे बहुधा खोलीमागे नसून माणशी असते आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. जेवणाची वेळ ठरलेली, ती पाळायची. माळकरी मंडळींनी मात्र खोली ठरवतानाच कळवावे, कारण नुसत्या भाजीच्या सारातही बहुतेक वेळा मासळीचा अर्क असतो.

आता मुख्य गोष्ट हौदाची. बायकांचा आणि पुरुषांचा हौद बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. अंगावर कपडा ठेवून उतरायचे नाही. पण त्याही आधी बाजूच्या नळाशी बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे. फेसाचा थेंब राहता कामा नये. मग हौदात उतरून गळ्याइतक्या पाण्यात गप बसायचे. हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. माणसे तो घडी करून डोक्यावर ठेवतात. हौद हा अंग धुण्यासाठी नाहीच. तो सगळ्यांच्या बसण्यासाठी आहे, आणि दर पाहुण्यामागे पाणी बदलले जात नाही. म्हणून ज्याचा मळ त्याने बाहेरच काढून यायचे. साहेब असो की त्याचा ड्रायव्हर, नियम एकच.

ही रीत फार जुनी आहे. यामानाशी प्रांतातले ‘केइउनकान’ हे निवासगृह इसवी सन 705 मध्ये सुरू झाल्याचे मानतात, आणि जगातले सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. पण नुसत्या चांगल्या चालीरीतींवर झरे टिकत नाहीत, हे जपान्यांनी ओळखले. 1948 साली त्यांनी ओनसेनचा कायदा केला. उगमाशी पाणी किमान 25 अंश सेल्सिअस हवे, किंवा ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी एक तरी त्यात ठरलेल्या प्रमाणात हवा, तरच ते ओनसेन. नवा झरा खोदायचा किंवा पाणी वाढवायला यंत्र बसवायचे, तर जमीन स्वतःची असली तरी प्रांताच्या गव्हर्नरची परवानगी लागते. शिवाय पाहुण्याकडून स्नानकर घेतात, साधारणपणे माणशी दिवसाला 150 येन. झऱ्याची निगा, स्वच्छता, आग विझवण्याची साधने आणि पर्यटनाच्या सोयी अशा ठरलेल्या कामांवरच तो खर्च करता येतो.

हे शहाणपण उपजत आलेले नाही. ह्योगो प्रांतातल्या किनोसाकी गावची गोष्ट बघा. तिथे सात सार्वजनिक न्हाणीघरे. गावकरी म्हणतात, आमचे सगळे गाव मिळून एकच रियोकान आहे. रेल्वे स्टेशन हा त्याचा दरवाजा, रस्ते म्हणजे सोपा, निवासगृहे म्हणजे खोल्या आणि सार्वजनिक न्हाणीघर म्हणजे घरची न्हाणी. मे 1925 च्या भूकंपात आणि आगीत गाव बेचिराख झाले. लोकांनी ते पुन्हा उभारले. आणि लगेच 1927 साली एका निवासगृहाने आपल्या आवारात स्वतःचे गरम पाणी काढून खाजगी हौद केला. गाव खवळले. प्रत्येकाने असेच केले तर सामाईक झऱ्याचे काय, आणि पाहुणा बाहेरच पडला नाही तर दुकानदारांचे काय? दावा कोर्टात गेला आणि तब्बल 23 वर्षांनी, 1950 साली, तडजोडीने मिटला. तडजोड अशी की आतले हौद करायला मोकळीक, पण मापात. आणि गरम पाणी गावच्या सामाईक मालमत्तेच्या संस्थेच्या ताब्यात. आज तिथे घरोघरी लहान हौद आहेत, आणि संध्याकाळी पाहुणे युकाता नेसून, लाकडी खडावा वाजवत सार्वजनिक न्हाणीघरांकडेही जातात. दोन्ही टिकले.

दुसरी गोष्ट तोयामा प्रांतातल्या उनाझुकीची. तिथे झरा लांब, म्हणून सुमारे साडेसात किलोमीटर लाकडी नळातून गरम पाणी आणलेले. एका माणसाने वाटेतली पावणेचार गुंठ्यांच्या आतली जमीन विकत घेतली. नळ तिच्या जेमतेम दोन त्सुबो, म्हणजे सत्तरेक चौरस फूट जागेवरून जात होता. तो म्हणाला, नळ काढा, नाहीतर ही आणि शेजारची माझी जमीन भरमसाट दराने घ्या. 1935 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा हक्काचा वापर नव्हे, दुरुपयोग आहे. नळ राहिला.

बंधूंनो, हे वाचताना आपल्याच शिवारातली दोन-चार नावे तुमच्या डोळ्यापुढे आली असतील. पाइपलाइन बांधावरून न्यायची म्हटली की आडवा पडणारा आपल्याकडेही आहे. “रान माझं, बोअर माझं, लाइटबिल मी भरतो,” असे म्हणणाराही आहे. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. खर्च त्याचाच आहे. पण बोअर कितीही खोल नेले तरी खालचे पाणी सातबारा बघून थांबत नाही. मी दोनशे फुटांवर गेलो की शेजारी तीनशेवर जातो, आणि दोघेही कर्जात जातात.

आणि मळाचे काय? वरच्या रानात उसाला पाटाने भरमसाट पाणी दिले जाते. ते खाली मुरते, खालच्याच्या रानात उफळते, मीठ वर येते आणि त्याची जमीन क्षारपड होते. पाणी एकाने उधळायचे आणि वाटोळे दुसऱ्याचे व्हायचे, याला मी अंग न धुता हौदात उतरणे म्हणतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे. कोणाची विहीर बुजवा, असे मी म्हणत नाही. किनोसाकीनेही आतले हौद बुजवले नाहीत. त्यांना माप लावले. आपणही माप लावावे. उपसा योजनेच्या पाळ्यांचे पत्रक चावडीवर लावा आणि टेलच्या सभासदाचा बारा आधी काढा. नवे बोअर घेण्यापूर्वी आजूबाजूच्या विहीरमालकांना बसवून बोला. ठिबकला जमत नसेल तर निदान एकाआड एक सरी भिजवा आणि निचऱ्याचे चर आपल्याच बांधाच्या आत काढा. पाइपलाइनचे तंटे हंगाम संपल्यावर पंचांसमोर लेखी मिटवा, पाणी तुटायची वाट बघू नका.

किनोसाकीला समेटाला 23 वर्षे लागली, कारण तिथला झरा आटला नव्हता. आपल्या विहिरींचे तळ मात्र आताच दिसू लागले आहेत. येत्या उपसा संस्थेच्या वार्षिक सभेत पहिला ठराव पाण्याच्या मापाचा यावा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी