रॅपरच्या आत चाललेली कमांड वाचा

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथे शिकून पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला लागलेले आमचे बरेच वाचक गिटची कमांड हाताने क्वचितच टाइप करतात. ते काम पायथनमध्ये गिटपायथन करते, नोडमध्ये सिंपल-गिट. या दोन्ही लायब्ररी म्हणजे गिटभोवतीचे रॅपर: त्या आतून खरे गिटच चालवतात आणि त्याने छापलेला मजकूर वाचून आपल्या हाती ऑब्जेक्ट देतात. सोय मोठी आहे. पण गिटने काय छापले हे रॅपरने चुकीचे वाचले, तर आपला प्रोग्रॅमही तीच चूक खरी मानतो. आपल्या भागात ही चूक व्हायला फार काही लागत नाही, फाइलचे नाव देवनागरीत असले की पुरे.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. समजा, पावसाच्या नोंदींची ‘गुलबर्गा’ नावाची फाइल तुम्ही गिटमध्ये ‘कलबुर्गी’ केली आणि स्टेटस विचारले. ‘गुलबर्गा’ म्हणजे आठ युनिकोड चिन्हे, यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट. कोअर-कोटपाथ ही सेटिंग मुळातच चालू असल्यामुळे गिट हे नाव अवतरणचिन्हांत घालते आणि प्रत्येक बाइट अष्टमान अंकांत छापते. एकट्या ‘ग’चे \३४०\२४४\२२७ होते. ही सांकेतिक रूपे न उलगडणारा रॅपर मग अस्तित्वातच नसलेल्या नावाची फाइल शोधत बसतो.

यावर उपाय ‘-झेड’ हा पर्याय. तो दिला की नावे जशीच्या तशी येतात आणि प्रत्येक नावानंतर शून्य बाइट येतो. मात्र इथे आणखी एक खाच आहे. पोर्सेलिन स्वरूपातल्या साध्या स्टेटसमध्ये जुने नाव आधी, नवे नंतर असते. ‘-झेड’ लावताच क्रम उलटतो, कलबुर्गी आधी आणि गुलबर्गा नंतर. डिफच्या नेम-स्टेटसमध्ये मात्र ‘-झेड’ असूनही जुनेच नाव आधी येते. शिवाय गिट नामांतर साठवत नाही. मजकुराची तुलना करून ते अंदाज बांधते आणि साम्य निम्म्याहून कमी असेल तर एक फाइल गेली, दुसरी आली असे सांगते. नाव बदलतानाच फाइलमधला बहुतेक मजकूरही बदलला, तर जुना इतिहास नव्या नावाशी जोडलेला दिसणार नाही. म्हणून नामांतराचा कमिट वेगळा आणि मजकूर बदलाचा वेगळा करावा, असा आमचा स्पष्ट आग्रह आहे.

धोका फक्त नावांपुरता नाही. २०२२ मध्ये या दोन्ही लायब्ररींत एकाच जातीचे दोष नोंदले गेले. वापरणाऱ्याने दिलेला पत्ता न तपासता क्लोनकडे गेला, तो ‘एक्स्ट’ या शब्दाने सुरू होत असेल आणि त्या प्रोटोकॉलला परवानगी दिलेली असेल, तर गिट त्यातली कोणतीही कमांड चालवू शकत होते. गिटपायथनमध्ये ३.१.३० या आवृत्तीत दुरुस्ती आली. सिंपल-गिटला अशा दोषांसाठी एकामागून एक दुरुस्त्या कराव्या लागल्या, कारण पहिली अपुरी ठरली. ज्यांच्या सर्व्हरवर बाहेरचा माणूस रिपॉझिटरीचा पत्ता भरू शकतो, त्यांनी आवृत्ती आजच तपासावी. पत्ता केवळ ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो ना, ही तपासणी आपल्या कोडमध्येही असावी. गिटपायथन दीर्घकाळ चालणाऱ्या सेवेसाठी योग्य नाही, संसाधने गळतात, हे तर त्याच्या माहितीपत्रातच लिहिले आहे. तिथे पायजिट-टू किंवा डलविचचा विचार करा. ते गिटची कमांड चालवत नाहीत.

प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या अध्यापकांना आमची विनंती आहे की रॅपर शिकवण्याआधी ‘गिट-ट्रेस’ हे पर्यावरण-चल १ करून विद्यार्थ्यांना आतली प्रत्येक कमांड बघू द्या. आणि चाचणीच्या फाइलींना ‘टेस्ट-वन’ऐवजी ‘हुमनाबाद’, ‘चिंचोळी’ अशी देवनागरी नावे द्या, कन्नड लिपीतलीही द्या. त्यातून एखादी लायब्ररी अडखळली, तर ती अडखळ दाखवणारी छोटी चाचणी लिहून मूळ प्रकल्पाकडे पाठवा, सोबत गिटची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिमही कळवा.