बुखारी शिकवणाऱ्या करीमा

रमजानमध्ये अनेक मशिदींत हदीस, म्हणजे पैगंबर मुहम्मद (स.) यांची वचने व आचरण, वाचून दाखवतात. त्यांतला सर्वांत मान्यताप्राप्त संग्रह 'सहीह बुखारी'. तो पुढच्या पिढ्यांकडे सोपवणाऱ्यांत एक स्त्री होती, हे क्वचितच सांगितले जाते.

अकराव्या शतकात मध्य आशियातल्या मर्वकडच्या करीमा बिन्त अहमद मक्केत राहून हा ग्रंथ शिकवीत. विद्यार्थ्याने उतरवलेली प्रत स्वतःच्या प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे शिकवायची परवानगी त्या देत नसत. हजला गेलेले नामवंत विद्वान खतीब बगदादी यांनीही त्यांच्याकडेच हा ग्रंथ वाचला. पुढे पंधराव्या शतकात कैरोच्या सखावींनी आपल्या चरित्रकोशाचा अख्खा खंड स्त्रियांना दिला. त्यात हजारावर नोंदी आहेत.

ही संधी तेव्हा सगळ्याजणींना नव्हती. बहुतेक विद्वानांच्या लेकींनाच होती. पण धर्माने वाट अडवली नव्हती.

आज दहावीनंतर 'मुलीला आता पुरे' म्हणणारे बाप सगळ्याच समाजांत आहेत. आमच्यातले जे त्यासाठी धर्माचा हवाला देतात, त्यांनी करीमांचे नाव एकदा लेकीला सांगून पाहावे.