वंशावळीबाहेरची माणसे

सहस्रचंद्रदर्शन, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस किंवा आजोबांची जन्मशताब्दी अशा निमित्ताने कौटुंबिक स्मरणिका काढण्याची चाल मराठी मध्यमवर्गात आता चांगलीच रुळली आहे. मराठी शिकवणाऱ्यांकडे अशी हस्तलिखिते कधी शुद्धलेखन तपासण्यासाठी, तर कधी प्रस्तावनेच्या चार ओळींसाठी येत असतात. ती वाचताना आम्हांला एक गोष्ट वारंवार जाणवते. लेख नातवाचा असो वा जावयाचा, त्यातले आजोबा 'शिस्तप्रिय पण प्रेमळ' असतात, आजी 'अन्नपूर्णा' असते आणि घराचे दार सर्वांना सदैव उघडे असते. नावे बदलली तर तोच मजकूर शेजारच्या घरालाही चालून जावा. लिहिणाऱ्यांच्या जिव्हाळ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तो खराच असतो. पण ज्या माणसाची आठवण ठेवायची ते माणूस त्या मजकुरात सापडत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, विशेषणे पुढच्या पिढीपर्यंत पोचत नाहीत, प्रसंग पोचतात. आणि मराठी घरांतले प्रसंग ज्यांनी जिभेवर जपले, त्या बायकांना आपल्या कुलस्मृतीने समासात बसवले आहे.

कुळाची नोंद ठेवण्याच्या बाबतीत आपण काही मागासलेले नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्पिढ्यांची नावे गाववार, आडनाववार मिळतात. कित्येकदा पूर्वजाची स्वतःच्या हातची सहीही सापडते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचून दाखवीत आले. विसाव्या शतकात छापील कुलवृत्तान्तांची मोठी परंपरा निर्माण झाली, विशेषतः ब्राह्मण घराण्यांत. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, स्थलांतरे आणि मग एकेका पुरुषाची जन्म-शिक्षण-व्यवसायाची नोंद, असा त्यांचा साधारण घाट. हे काम चिकाटीचे होते आणि सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे मोल नाकारता येणार नाही. कोकणातून देशावर आणि देशावरून माळव्यापर्यंत माणसे कशी पांगली, हे या ग्रंथांतून कळते.

पण बहुतेक कुलवृत्तान्तांची रचना पाहिली तर मुलगी लग्नापर्यंत येते आणि तिथेच संपते. तिच्या नावापुढे नवऱ्याचे नाव आणि सासरचे गाव दिले की पुढची शाखा बंद. सून येते ती 'अमक्यांची कन्या' म्हणून. तिचे माहेरचे नाव कंसात. ज्या परंपरेचा आधार या रचनेला दिला जातो ती परंपरा निदान स्मरणाच्या बाबतीत याहून उदार आहे, ही यातली खरी गंमत. महालयाच्या श्राद्धात केवळ बाप, आजा, पणजा यांचेच नाव घेत नाहीत. आई, आजी, पणजी येतात. आईचे वडील व आई येतात. मामा, आत्या, मावशी, बहीण, मुलगी येतात. गुरू, शिष्य आणि आप्तही येतात. पितृपंधरवड्यात जिला तर्पण मिळते त्या आत्याला वंशवृक्षात मात्र फांदी मिळत नाही. सपिंडीकरणाच्या विधीतही एक शहाणपण दडलेले आहे. नवे माणूस पितरांत गेले की चौथी पिढी पिंडातून बाहेर पडते. माणूस नावानिशी तीन पिढ्यांपलीकडे सहसा आठवत नाही, हे शास्त्राने जणू मान्यच करून टाकले आहे.

कायदा आता पुढे गेला आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायाद ठरवले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क वडील त्या वेळी हयात असण्यावर अवलंबून नाही, हे स्पष्ट केले. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय लागू झाला. जमिनीच्या वाटणीत जिला भाग आहे तिला आठवणींच्या वाटणीत भाग नसावा, ही विसंगती आता तरी आपल्याला खटकायला हवी.

नावाचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, आनंदीबाई कर्वे माहेरच्या गोदूबाई. लग्नात नाव बदलले की बालपणाशी जोडणारा धागाच तुटतो. आणि ज्या नावाने आईने हाक मारली ते नाव नातवंडांना ठाऊकही नसते. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा लेख आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो. अमक्यांची मुलगी, अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी आपली ओळख ऐकत गेलेली विदुषी शेवटी एका मुलाच्या तोंडून 'आई' म्हणून झालेल्या ओळखीपाशी येते. त्या समाधानात किती मिस्कीलपणा आणि किती खरेपणा, यावर वर्गात वाद व्हावेत अशीच त्याची घडण आहे. पण भारतातील नातेव्यवस्थेवर १९५३ मध्ये मूलभूत ग्रंथ लिहिणाऱ्या बाईंनी हा लेख लिहावा, हा योगायोग नव्हे. कुळाच्या नकाशात बाईचे ठिकाण कोणाच्या तरी नावावरूनच सांगता येते, हे त्यांना शास्त्र म्हणूनही ठाऊक होते आणि अनुभव म्हणूनही.

याच बायकांनी लिहायला घेतले तेव्हा काय घडले ते पाहावे. रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) हे पुस्तक पतीविषयीच्या भक्तिभावाने लिहिलेले आहे. न्यायमूर्तींचा गौरव हाच त्याचा हेतू. तरीही इंग्रजी शिकणाऱ्या सुनेला घरातल्या बायकांकडून जो जाच सोसावा लागला तो त्यात आला आहे; आणि त्या प्रसंगांमुळेच रानड्यांचे वाडासंस्कृतीतले घर आज आपल्यापुढे उभे राहते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त (१९३४–३६) तर गौरवाची भाषाच नाही. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणारे वडिलांचे सोवळे, न सांगता घरातून निघून जाणारा कवी नवरा, धर्मांतरानंतरची वर्षानुवर्षांची ताटातूट, हे सारे त्या कमालीच्या मोकळेपणाने आणि हसत सांगतात. टिळकांना त्यांनी देव केले नाही, म्हणून टिळक आपल्याला माणूस म्हणून आठवतात. या पुस्तकाचा पुढचा प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. त्याच्या पाठीशी मुलगा देवदत्त उभा राहिला, आणि पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. आजीने सांगावे, मुलाने छापावे, नातवाने टिपा द्याव्यात: कौटुंबिक स्मरण पिढ्यांतून कसे चालते याचा याहून चांगला नमुना मराठीत शोधूनही सापडायचा नाही. आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण' (१९४४) संपादित केले ते त्यांच्या सुनेने, कावेरी कर्वे यांनी. सासूची आठवण सुनेच्या हातून ग्रंथरूप होते, ही गोष्ट वंशावळीच्या कोणत्याही रेघेत बसत नाही.

ज्यांच्या घरी कुलवृत्तान्त छापायला ना पैसा होता ना अक्षर, त्यांनी काय केले? जात्यावर गायले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुढाकार घेऊन गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांत आई आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, लेकीचे लग्न आहे, मेलेल्या माणसांची हळहळ आहे. ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदवले, हे या संग्रहाचे मोठेपण. पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वाचले. त्याबद्दल कोणी खंत करू नये. पण जात्याबरोबर आठवण सांगण्याची पहाटेची जागाही गेली, आणि तिच्याऐवजी दुसरी जागा घरात निर्माण झाली नाही.

दलित आत्मकथनांकडेही या दृष्टीने पाहायला हवे. आपण ती वेदनेचे आणि विद्रोहाचे साहित्य म्हणून शिकवतो, ते योग्यच. पण ज्यांना इतिहासाने कुळाचे कागद दिले नाहीत त्यांची ती कुलवृत्तान्तेही आहेत. नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' या १९९३ मधील पुस्तकाचा गाभा म्हणजे मुलाच्या आग्रहावरून वडिलांनी निवृत्तीनंतर लिहून काढलेल्या आठवणी. ऊर्मिला पवारांनी 'आयदान' (२००३) लिहिताना आईच्या सुपे-टोपल्या विणण्याचे आणि आपल्या लेखनाचे नाते सांगितले. कुलदैवत आणि गोत्र यांच्या जागी इथे आईचे काम आले आहे. वारसा म्हणजे काय, याची ही आपल्याला नवी व्याख्या वाटते.

घरातल्या मोठ्या घटना बायका कशा सांगत, हेही ऐकण्यासारखे असते. कुलवृत्तान्त शके आणि सन देतो. आजी सांगते, 'पानशेत फुटलं त्या वर्षी तुझा काका झाला', 'कोयनेच्या भूकंपाच्या आधल्या महिन्यात मी या घरात आले', 'बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली ती याला पोटात घेऊन'. १९६१ चा पूर, १९६७ चा भूकंप, १९७२ चा दुष्काळ हे तिचे पंचांग. त्या एका वाक्यात घरचा इतिहास आणि देशाचा इतिहास एकमेकांत गुंफलेला असतो. स्मरणिकेत छापताना आपण त्याचे 'जन्म : १९६१' करतो आणि अर्धी आठवण आपल्याच हाताने पुसून टाकतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. घरातले सगळेच सांगायचे नसते. जिवंत माणसे दुखावतात, भाऊबंदकी पेटते, लेकीसुनांची अब्रू निघते. हे खरे आहे. आमचे उत्तर एवढेच की, न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे. जी गोष्ट आज छापता येत नाही ती लिहून, बंद करून, पुढच्या पिढीसाठी ठेवता येते. पण ज्या आजीने आयुष्यभर अबोला सोसला तिला 'भाग्यवान सहचारिणी' म्हणून छापणे ही गुप्तता नव्हे. तो तिच्यावर झालेला दुसरा अन्याय आहे. शिवाय प्रत्येक प्रसंग काही कटूच असतो असे नाही. आजोबा चहा बशीत कसा ओतून घेत, आत्या कोणता शब्द वेगळा उच्चारी, गणपतीच्या आरतीला कोणाचा सूर हटकून चुके, यात कोणाची अब्रू आहे? आणि माणूस तर त्यातच असते.

आज कुटुंबाची वार्ता मोबाइलवरच्या गटात फिरते. बारशाचा फोटो क्षणात सातासमुद्रापार पोचतो, ही नक्कीच आनंदाची गोष्ट. पण निधनाच्या वार्तेखाली तीच 'भावपूर्ण श्रद्धांजली' चाळीस वेळा उमटते आणि दुसऱ्या दिवशी वर सरकून दिसेनाशी होते. साधन बदलले, स्मरणिकेची विशेषणे मात्र कायम राहिली.

मराठीच्या शिक्षकांना या बाबतीत करण्यासारखे पुष्कळ आहे. आत्मचरित्राचा पेपर शिकवताना प्रत्येक विद्यार्थ्याला घरातल्या सर्वांत वृद्ध बाईकडून एकच प्रसंग, तिच्याच बोलीत, प्रमाणभाषेची इस्त्री न फिरवता लिहून आणायला सांगावे. सोबत तिचे माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि तिच्या आईचे नाव असावे. पुष्कळ मुले या तिसऱ्या प्रश्नापाशी अडतील. ते अडणे हाच त्या दिवसाचा धडा समजावा. आणि उत्तर देणारी बाई अजून घरात असेल तर मुलाने उद्यावर न टाकता त्याच संध्याकाळी तिच्यापाशी जाऊन बसावे.