बायबल : इतिहास की साधन?

म्हैसुरास बदलून आलेल्या आपल्या मंडळींना चामुंडी टेकडीवर एका हाती खड्ग व दुसऱ्या हाती नाग घेतलेला महिषासुर भेटतोच. आणि तो दैत्य नव्हे, बौद्ध राजा होता, हा वादही लौकरच कानी येतो. ‘महावंस’ ग्रंथात महिषमंडलाचे नाव आहे खरे. पण नावावरून राजा सिद्ध होत नाही, आणि पुराणावरून दैत्यही नाही. हाच न्याय बायबलास का लावू नये? एक-दोन शिलालेख जुळले की सबंध बायबल इतिहास ठरले, असे मानणारे सुशिक्षित थोडे नाहीत.

इ. स. पू. 701 मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबाने यहूदावर स्वारी केली. बायबल म्हणते, देवदूताने एका रात्रीत त्याचे 1,85,000 लोक मारले. सन्हेरीबाच्या कोरीव लेखात या संहाराचा उच्चार नाही. हिज्कीया राजाला पिंजऱ्यातील पक्ष्याप्रमाणे कोंडले, ही बढाई आहे. (यरुशलेम घेतले, असे मात्र तोही म्हणत नाही!) खंडणीचे सोने दोन्हीकडे 30 किक्कार; रुपे बायबलात 300, लेखात 800. आपल्यातील हिशेबतपासनीस सोने मान्य करील, रुप्यावर शेरा मारील, आणि देवदूत इतिहासाच्या खात्यात धरणार नाही.

राजवाड्यांनी 1898 पासून अस्सल पत्रे छापून बखरींची अशीच तपासणी केली. त्यामुळे बखर बाद झाली नाही. तिची पायरी ठरली. बायबलही तसेच साधन आहे, इतिहासग्रंथ नव्हे. याने श्रद्धेचा अपमान होतो, ही तक्रार मला पटत नाही; आणि सारे थोतांड म्हणून ते फेकून देणाऱ्यांनी त्या 30 किक्कार सोन्याचे काय करावयाचे, तेही सांगावे.