टेंभुर्णीच्या चौकातील दुसरा पंचनामा

माढा तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर वसले आहे. येथूनच एक वाट कुर्डूवाडी-बार्शीमार्गे लातूरकडे जाते, दुसरी पंढरपूरकडे आणि तिसरी अकलूजकडे. त्यामुळे पहाटे तीन वाजताही येथील धाब्यांवर चहा उकळत असतो आणि बाजांवर मालमोटारींचे चालक विसावलेले दिसतात. उसाचा हंगाम सुरू झाला की त्यांच्या बोलण्यात एक वार्ता पुन्हा पुन्हा येते. चाक पंक्चर होऊन रस्त्यातच थांबलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून ट्रक आदळला. चालक नवा असेल, नुकताच क्लीनरचा ड्रायव्हर झालेला असेल, तर मग चर्चा लवकर संपत नाही. पोलिसांचा पंचनामा कागदावर होतो. हा दुसरा पंचनामा बाजेवर बसून होतो.

ज्येष्ठांचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. "पोराचा डोळा लागला, दुसरं काय?" पुढे ओघाने आपल्या वस्तादाची आठवण येते. त्याने वर्षानुवर्षे काचा पुसायला लावल्या, टायर बदलायला लावले, मग कुठे स्टिअरिंग हाती दिले. या तक्रारीत तथ्य आहे. मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. परंतु भरलेली गाडी रात्री कशी हाकावी, हे परवान्यासोबत हाती पडत नाही.

तरुण चालकांना हे मान्य नसते. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता, दिवा नव्हता, टायरखाली लावलेले दगड तेवढे होते. तेथे वस्ताद असता तरी काय करणार होता? हिशेब साधा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे उमजून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद गेले, तर 33 मीटर अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच सरते. समोरून येणाऱ्याच्या प्रकाशाने डोळे दिपले असतील, तर अंधारातील उसाची मोळी दिसते ती थेट काचेपुढेच.

तिसरा पक्ष ब्रेकचा. 'ब्रेक फेल' हे शब्द धाब्यावर जितक्या सहज उच्चारले जातात, तितके ते सहज खरे नसतात. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्यातील नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हाही प्रथम हेच म्हटले गेले. तपासानंतर पोलिसांनी सांगितले, की ब्रेक निकामी झाले नव्हते. उतारावर चालकाने इंजिनच बंद केले होते. हवेच्या ब्रेकला लागणारी हवा इंजिनावर चालणारा कंप्रेसर भरतो. इंजिन बंद पडले की टाकीत साठलेल्या हवेवरच भागवावे लागते, आणि पाय वारंवार दाबला की तीही सरते. डिझेल वाचविण्याची ही युक्ती नव्या पोरांना शिकवितात ते बहुधा वस्तादच, ही बाब ज्येष्ठांच्या पंचनाम्यात सहसा येत नाही. वास्तविक आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला, की डिझेलचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये काही वाचत नाही.

मात्र झोप, ट्रॉली आणि ब्रेक या तिन्ही पक्षांत एक माणूस कोठेच नसतो. तो धाब्यावर येत नाही. तो लातूरच्या डाळमिलमध्ये, बार्शीच्या आडतीत किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात असतो. या मासिकाच्या अनेक वाचकांच्या घरात असतो. माल सकाळी सातच्या आत उतरला पाहिजे, एवढेच त्याने सांगितलेले असते, आणि त्यात वावगे असे त्याला काही दिसत नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. परंतु दिवसभर गाडी भरण्यासाठी गोदामापुढे ताटकळलेल्या चालकाचे ते तास कोणी मोजत नाही. त्याची रात्र सुरू होते तेव्हा तो आधीच थकलेला असतो. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर स्वभावतःच झोप मागते, आणि नेमक्या याच वेळी गाडी टेंभुर्णी ओलांडत असते.

लातूरकडून आलेल्या एखाद्या नव्या चालकाला हे सारे ऐकताना बाजेवर तासभर पाठ टेकावीशी वाटते. तेवढ्यात खिशातील फोन वाजतो.

"कुठवर आलास रे?"

"शेठ, इंदापूर सोडलं," तो उभा राहत म्हणतो.

इंदापूर अद्याप पुढे असते. चहाचे पैसे देऊन तो गाडीकडे धावतो. फोनवर सांगितलेले अंतर आता त्याला रस्त्यावर भरून काढायचे असते.