गोष्ट त्यांची, पेन कोणाचं?

‘जैत रे जैत’ची गाणी आपल्या आईबाबांना पाठ असतात आणि आपल्याही प्लेलिस्टमध्ये सापडतात. १९७७चा हा सिनेमा जब्बार पटेल यांचा, मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची आणि गोष्ट ठाकर आदिवासींची. तीन वर्षांनी गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ आला, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. त्यातला लहान्या भिकू बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे आणि जवळजवळ सगळा सिनेमा तो गप्प असतो.

दोन्ही सिनेमे भारी आहेत, त्यात वादच नाही. पण एकात आदिवासी गातो ते ना. धों. महानोरांचे शब्द, दुसऱ्यात तो बोलतच नाही. दोन्हीकडे पेन आणि कॅमेरा बाहेरच्यांच्या हातात. तो काळ वेगळा होता, मान्य. पण आज तरी काय बदललंय?

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत, म्हणजे साधारण अकरा माणसांमागे एक. आज संध्याकाळी कुठलीही मालिका लावा आणि हे गणित तपासून बघा. पडद्यावर आदिवासी आलाच तर बिचारा, नक्षलवादी किंवा शेकोटीभोवती नाचणारा. परीक्षेचं टेन्शन घेणारा, मित्रांची टर उडवणारा, प्रेमात पडणारा आदिवासी मुलगा शोधूनही सापडत नाही.

त्यांच्याकडे गोष्टी सांगायची रीत नाही म्हणावं, तर एकदा कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन या. तिथले ठाकर कलाकार चित्रकथी सादर करतात. एकेक चित्र पुढे धरायचं आणि वाद्यांच्या साथीने कथा गाऊन सांगायची. सिनेमा यायच्या कितीतरी आधीचा स्टोरीबोर्डच हा! ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री मिळाली.

पेन हातात आलं की काय होतं, हे जगाने पाहिलंय. कॅनडातल्या इनुइट समाजाच्या झकारायस कुनुकने २००१मध्ये ‘अतानार्जुआट’ हा अख्खा सिनेमा इनुक्टिटुट भाषेत केला आणि कान महोत्सवात पहिल्या सिनेमाचं ‘कॅमेरा डी’ऑर’ पारितोषिक मिळवलं. अमेरिकेत २०२१ला ‘रिझर्व्हेशन डॉग्ज’ ही मालिका आली. लेखक, दिग्दर्शक सगळे मूलनिवासी. त्यातली पोरं उनाड आहेत, विनोदी आहेत, तुमच्या-आमच्यासारखीच गाव सोडायची स्वप्नं बघतात.

आता पुण्याकडे बघू. एफटीआयआय इथे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इथे, क्वीन्स गार्डनमध्ये आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि तिचं संग्रहालयही इथेच. जुन्नर-आंबेगावचे महादेव कोळी, नंदुरबारचे पावरा, गडचिरोलीचे माडिया विद्यार्थी आपल्याच कॉलेजांत शिकतात. पण वर्गात उच्चारांवर कुणी हसलं, की त्यांची भाषा हॉस्टेलच्या रूमवरच राहते. भिली, गोंडी आठव्या परिशिष्टात नाहीत आणि पडद्यावरही ऐकू येत नाहीत. जी भाषा कुठेच ऐकू येत नाही, तिची आधी लाज वाटायला लागते आणि मग ती विसरली जाते. खरं नुकसान हे आहे.

‘मग आम्ही आदिवासींवर फिल्म करायचीच नाही का?’ असं कुणी विचारेल. करा ना! पण पाड्यावर दोन दिवस ड्रोन उडवून परत येऊ नका. स्क्रिप्ट लिहायलाच तिथल्या माणसाला सोबत घ्या. ‘विशेष आभार’मध्ये नको, लेखक म्हणून त्याचं नाव द्या, बक्षिसाच्या पैशात वाटा द्या. संवाद त्याच्या भाषेत राहू द्या. कोरियन मालिका सबटायटल वाचत रात्रभर बघणाऱ्या आपल्याला पावरी जड जायचं कारण नाही.

फिरोदियाच्या तालमी सुरू होतील, शॉर्ट फिल्मचे ग्रुप जमतील. त्यात नंदुरबारच्या मित्राला लाइट धरायला बोलावण्याआधी एकदा विचारा, ‘तुझ्याकडे कुठली गोष्ट आहे?’ आणि त्याने सांगितली, तर दिग्दर्शनही त्यालाच करू द्या. लाइट आपण धरू.